गाडी तापेपर्यंत

दुपारी तीनला बाजारात जायला म्हणून गाडी काढली. सकाळपासून फणसाखाली उभी होती. चावी फिरवली आणि डॅशबोर्डवर इंजिन गार असल्याचा तो निळा दिवा लागला. मी तशीच बसून राहिले. लेकीने एसीची जाळी स्वतःकडे वळवून घेतली आणि म्हणाली, "आई, बाहेर 34 डिग्री आहे. कसलं गार इंजिन?"

तिच्या हिशेबाने ती बरोबरच आहे. पण इंजिनाला जरा बरं वाटायला लागतं ते 90 अंशांच्या आसपास. तोवर आमच्या गोव्यातल्या मांद्र्याच्या ऐन उन्हातही त्याचा माघच चालू असतो.

फार वेळ मी थांबत नाही. दोन-चार श्वास, पट्टा लावायचा, आरसा नीट करायचा, की निघायचं. मात्र निघायचं ते हळू. दिवा विझेपर्यंत तिशीच्या वर नाही आणि विझल्यावरही लगेच नाही, कारण दिवा सांगतो तो फक्त पाण्याचा ताप. ऑइल मागाहून तापतं आणि त्याची वर्दी देणारा दिवा आमच्या गाडीत नाही. तेव्हा देवळाचं वळण ओलांडल्याशिवाय चौथा गियर पडत नाही. "निघाली आमची वरात," असं लेक म्हणते आणि फोनमध्ये डोकं घालते.

हे खूळ बाबांकडून आलेलं. त्यांची फियाट होती. पद्मिनी हे तिचं नाव कागदोपत्री, गावात सगळे फियाटच म्हणत. सकाळी गार इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, गाडी खोकत खोकत चालू झाली की चोक जरासा आत ढकलायचा. ढकलायचा किती, हे बाबांच्या कानाला कळे. चोकची दांडी पुढे सैल झाली, आपोआप आत जायला लागली, तेव्हा तिला कपड्यांचा चिमटा लावून ठेवत. दोरीवरचे चिमटे कमी का होतात म्हणून आई आम्हा पोरांना बोले.

आई तर त्या वेळावर संसार चालवायची. बाबांनी सेल्फ मारला की ती उठे. गॅस बंद आहे ना ते बघणं, मागचं दार, मांजराला बाहेर काढणं, तुळशीत तांब्याभर पाणी, कुलूप लावून ते तीनदा ओढून पाहणं, एवढं सगळं गाडी तापेपर्यंत आटपलेलं असे. आमच्या घरात हे वेळेचं मापच झालं होतं. भाऊ आंघोळीला गेला की, "गाडी तापेपर्यंत बाहेर ये." शेजारी कुणी पाच मिनिटांसाठी आलं की आई म्हणे, "गाडी तापेपर्यंत तरी टेका."

खरी परीक्षा असे चोपड्याच्या धक्क्यावर. तेव्हा शिवोलीचा पूल नव्हता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचं तर फेरीबोट. रांगेत गाडी बंद करून उभं राहायचं. बोट पलीकडून येऊन लागेतो इंजिन धड गरम नाही, धड गार नाही अशा अवस्थेत पोचलेलं. आता चोक ओढावा की नको? ओढला आणि नको होता तर गाडी ओव्हर होणार, पेट्रोलचा वास सुटणार, मागचे हॉर्न मारणार आणि खलाशी हातवारे करणार. बाबा खाली उतरून बॉनेटवर पालथा हात ठेवत, क्षणभर डोळे मिटत आणि मग ठरवत. बहुतेकदा बरोबर ठरे. मला तेव्हा ते फार मोठे वाटायचे.

बाबांनी ऑइलचं प्रकरण समजावलं होतं खोबरेलाच्या बाटलीवर. जानेवारीत पहाटे आपल्याकडेही 20 अंशांपर्यंत उतरतं आणि खोबरेल 24 च्या खाली थिजायला लागतं. खिडकीतली बाटली पांढरी झालेली. त्यांनी ती उलटी धरली, एक थेंब पडला नाही. "इंजिनातलं ऑइल असं थिजत नाही," ते म्हणाले, "पण जडावतं. जडावलेलं वर पोचायला वेळ लावतं. तोवर लोखंडावर लोखंड घासलं जातं. म्हणून तिला जरा दम खाऊ द्यायचा." मग बाटली माझ्या हाती देऊन उन्हात ठेवायला सांगितली. त्या दिवशी शाळेत जाताना माझ्या वेण्या तेलाशिवाय घातल्या गेल्या, हेही आठवतं.

गावात वस्तीला असलेली कदंब, म्हणजे आमची सरकारी बस, पहाटे अशीच गुरगुरत राही. ड्रायव्हर गाडी चालू करून चहाला जाई. सगळा वाडा त्या आवाजावर उठायचा. आम्हाला वाटे, इंजिन तापवतोय. पुढे कळलं की मुख्य काम हवेचं असतं. टाकीत हवा भरल्याशिवाय ब्रेक लागत नाहीत. म्हणजे चहा हा नियमातच बसत होता.

2000 च्या आसपास गाड्यांच्या पाठीवर एमपीएफआय अशी अक्षरं मिरवू लागली आणि चोक गेला. आता पाणी किती तापलंय ते सेन्सर बघतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते संगणक ठरवतो. उभ्या गाडीत इंजिन तापवत बसणं उलट वाईट, हेही आता सिद्ध आहे. नुसतं चालू ठेवलं की तापायला जास्त वेळ लागतो, गार इंजिनात सोडलेलं जादा पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. चालवता चालवता तापवावं, फक्त दामटू नये. बाबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं आणि चिमटा शोधला असता.

आमच्या जुन्या रस्त्याला मात्र हे सगळं न सांगता ठाऊक होतं. अंगणातून निघालं की कुत्री, मग पाववाल्या पोदेराची सायकल, मग मधोमध बसलेली गुरं. दोन किलोमीटर कुणाची प्राज्ञा होती दामटायची! आता पर्यटकांच्या भाड्याच्या जिपा असतात. पिवळ्या अक्षरांची काळी पाटी, सकाळी आठला चावी फिरवली की तिथल्या तिथे इंजिन किंचाळतं. भाड्याच्या गाडीला थंडी वाजत नाही, असा बहुधा समज. तिकडे धारगळला तर मोपाचा रस्ता थेट विमानतळावर नेऊन सोडतो, गाडी जागी व्हायच्या आत शंभरावर.

लेकीला इलेक्ट्रिक घ्यायची आहे. ऑइल नाही, चोक नाही, निळा दिवा नाही, बटण दाबलं की निघाली. मी नको म्हटलेलं नाही. चार्जर कुठे लावायचा विचारत होती. पडवीत पॉइंट आहे म्हटलं, पण मृगाचा पहिला पाऊस पडू दे आणि वीज किती वेळ राहते ते बघ. मग बोलू.