जंताचं औषध दोनदा दिलं, तरी बूड घासतोच

टेबलावर ठेवलेला पग जातीचा कुत्रा बसायलाच तयार नव्हता. "दोनदा जंताचं औषध दिलं डॉक्टर, तरी फरशीवर बूड घासतोच. आणि कालपासून हे रक्त," काकू म्हणाल्या. शेपटीखाली हळद थापलेली. कोमट सलाईनने ती भिजवून काढली, तेव्हा गुदद्वाराच्या उजवीकडे वाटाण्याएवढं भोक दिसलं.

शेपटी वर धरून मागून पाहिलं, तर घड्याळात चार आणि आठ असतात त्या जागी कातडीखाली दोन पिशव्या असतात. घट्ट शी बाहेर पडताना त्या दाबल्या जातात आणि बारीक नळीतून उग्र वासाचा द्रव निघतो. शी सैल असली की दाबच बसत नाही. द्रव साठून घट्ट होतो, नळी बुजते, आत पू होतो आणि शेवटी कातडी फुटते. हा पग ११ किलोचा, हवा होता आठच्या आसपास. रोज दूध-बिस्किटं, त्यामुळे शी कायम सैल. जंतांनीही कुत्री घासतात, नाही असं नाही. पण पट्टकृमी असले तर शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे चिकटलेले दिसतात. इथे सडक्या मासळीचा वास होता.

फुटलेली बाजू पिळायची नसते, पू आजूबाजूला पसरतो. हलकी भूल देऊन केस कापले, भोक थोडं मोठं केलं आणि बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत सिरिंजने सलाईन सोडलं. टाके घातले नाहीत, निचरा व्हायला वाट हवी. डावी पिशवी शाबूत, पण गच्च. ग्लोव्हजवर भरपूर जेली, तर्जनी आत, अंगठा बाहेर; पिशवी चिमटीत धरून तळापासून नळीच्या तोंडाकडे हळूहळू दाबत आणायची. समोर गॉझ धरायचा, नाहीतर शर्ट दोनदा धुवूनही वास जात नाही. निघालं ते टूथपेस्टसारखं, करडं. एरवी पातळ, पिवळसर-तपकिरी असतं. बोट आत असतानाच गाठ आहे का तेही चाचपलं. वय झालेल्या कुत्र्यांत तिथे कॅन्सर होतो.

"पार्लरवाला दर महिन्याला पिळतो की!" काकू म्हणाल्या. ते आधी बंद करायला सांगितलं. बाहेरून पिळल्यावर तळाचं तसंच राहतं, आणि गरज नसताना दाबत राहिलं तर नळी सुजते.

घरी द्यायला अँटिबायोटिक आणि कुत्र्यांचं वेदनाशामक. माणसांची गोळी अजिबात नाही. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर, दिवसातून तीनदा दहा मिनिटं कोमट शेक, जेवणात दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा, मीठ-फोडणीशिवाय. हळद नको, ती थापली की भोकाचं तोंड बंद होतं आणि पू आतच कोंडतो.

चौदाव्या दिवशी भोक भरलं होतं. "काढूनच टाका ना त्या पिशव्या!" काढता येतात, पण शेजारच्या मज्जातंतूला धक्का लागला तर शीवरचा ताबा जाऊ शकतो. वारंवार फुटायला लागल्या तरच मी त्या वाटेला जातो. वजन १०.६ भरलं. डावी पिशवी पुन्हा थोडी भरलेली लागली, पण आतला द्रव पातळ होता. ती पिळली नाही, तीन आठवड्यांनी बोलावलं.