तेलाच्या बादलीतला लंबक

इस्तंबूलजवळ तुझला इथल्या एका यार्डात मी चौदा महिने एका जुन्या प्रवासी बोटीवर होतो. साठच्या दशकातली, बेटाबेटांवर उतारू पोचवणारी बोट. तिची आलिशान यॉट करायची होती. जिथं शेकडो माणसं चढायची तिथं आता पाहुणे फक्त १२. तेरावा वाढला की प्रवासी जहाजाचे सगळे नियम लागू होतात.

पहिले महिने पत्र्यात गेले. बाहेरून रंग तुकतुकीत, पण जुन्या बाथरूमांखाली १० मिलिमीटरची प्लेट जाडी मोजायच्या गेजवर ६ दाखवायची. हातोडी मारली की चांगला पत्रा टणकन वाजतो, सडलेला बद्द. इंजिनरूमच्या पाइपांवरचं ॲस्बेस्टॉस काढायला पांढऱ्या सुटातली माणसं आली आणि आम्हाला तो भाग बंद झाला.

मग सजावट सुरू झाली. वरच्या डेकवर संगमरवरी बाथरूम, त्याच्याही वर आठ जणांचं जकुझी. प्रत्येक वस्तूचं वजन आणि उंची मी यादीत लिहीत होतो, पण निम्मे बदल माझ्यापर्यंत पोचलेच नाहीत.

बोटीचा तोल मोजायचा तो दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो. पहाटे, वारा पडलेला असताना दोर सैल सोडले, टाक्या भरल्या किंवा पार रिकाम्या केल्या, कारण अर्धवट टाकीतलं पाणी डुचमळून मोजणी बिघडवतं. गरजेपुरतीच माणसं वर ठेवली. खाली होल्डमध्ये, म्हणजे बोटीच्या पोटातल्या मोकळ्या जागेत, लांब तारेला वजन टांगलं होतं, ते तेलाच्या बादलीत बुडवलेलं. तेल नसेल तर लंबक ठरत नाही. तारेमागे लाकडी पट्टी. क्रेननं काँक्रीटचा ठोकळा डावीकडून उजवीकडे नेला, बोट किंचित कलली, तार हळूच सरकली आणि मी पेन्सिलीनं रेघ मारली. रेघ माझ्या हिशेबाच्या पुढे होती. दुसऱ्या ठोकळ्याला आणखी पुढे. मेटासेंट्रिक उंची, म्हणजे कललेली बोट पुन्हा सरळ होण्याच्या ताकदीचं माप, ९० सेंटिमीटर धरली होती, निघाली ६१. वर वजन फार झालं होतं.

मी अलिबागचा. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे आजही आखाडात ती गोष्ट निघते. बैठकीत मालकांना मी तेच सांगितलं. दोन दिवस कुणी बोललं नाही, तिसऱ्या दिवशी संगमरवर काढायला सुरुवात झाली. त्याजागी ॲल्युमिनियमच्या हलक्या पॅनेलवर चिकटवलेला दगडाचा पातळ थर आला, जकुझी लहान होऊन एक डेक खाली आलं, तळाशी तोलासाठी लोखंडी वजन, बॅलास्ट, भरलं.

पाच आठवड्यांनी पुन्हा तीच पहाट, तीच बादली. या वेळी रेघ ठरल्या जागी पडली. आमच्या उस्तानं, म्हणजे मुख्य कारागिरानं, वाकून पट्टी पाहिली, ‘तमाम’, म्हणजे ठीक आहे, म्हणाला आणि चहा सांगायला वर गेला.