अठरा फ्रेमचा फरक

महापेला एका स्पोर्ट्स डेटा कंपनीत मी सहा वर्षं आहे. रग्बीचं काम करतो म्हणलं की समोरचा विचारतो, ते हेल्मेट घालून खेळतात तेच ना? नाही, ते अमेरिकन फुटबॉल. मग दुसरा प्रश्न, नुसत्या मॅचेस बघायचा पगार मिळतो? बघायचा नाही मिळत. प्रत्येक टॅकल, पास, किक, लाइनआउट (बॉल मैदानाबाहेर गेल्यावर परत आत फेकतात ते), सगळ्याला टॅग लावायचा, कोणी केलं, मैदानात कुठे केलं, पुढे काय झालं. मॅच ऐंशी मिनिटांची, त्यातला बॉल खरा खेळात असतो साधारण पस्तीसेक मिनिटं आणि तेवढ्याला एका माणसाची अख्खी शिफ्ट जाते. क्लायंट सगळे युरोपातले नाहीतर ऑस्ट्रेलियातले, त्यामुळे आमची नाइट शिफ्ट कायमची.

या पावसाळ्यात एक वेगळं काम आलं. एका देशाची नॅशनल टीम ओळीनं हरत होती, हेड कोच गेला होता आणि नवीन निवडायला बोर्डानं एक कन्सल्टन्सी नेमली होती. देशाचं नाव मी सांगू शकत नाही, सही केलेली आहे. कन्सल्टन्सीनं तीन माणसांची यादी आम्हाला दिली, नावाऐवजी रंग, लाल, निळा, हिरवा. प्रत्येकाच्या आत्ताच्या क्लब टीमच्या आठ-आठ मॅच टॅग करून द्यायच्या. रंग देऊन काय लपतं, टीमची जर्सी बघितली की कोच कोण ते आम्हाला दोन मिनिटात कळतं. पण आम्हीही आपसात रंगानंच बोलायला लागलो.

गेटबाहेरच्या टपरीवर त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पोरं म्हणायची मोठं नाव आणा, टीम सुधारेल. मला हे पटत नाही. ऑस्ट्रेलियानं २०२३ च्या जानेवारीत डेव्ह रेनीला काढून एडी जोन्सला आणलं, वर्ल्ड कप जेमतेम आठ महिन्यांवर होता. त्या वर्षी नऊ टेस्टमध्ये (रग्बीत देशादेशांमधल्या मॅचला टेस्ट म्हणतात) दोन जिंकले, वेल्सकडून ४०-६ असा मार खाल्ला आणि इतिहासात पहिल्यांदा गटातूनच घरी गेले. आणि हाच एडी जोन्स २०१५ ला जपानचा कोच होता तेव्हा जपाननं दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलेलं. वॉरन गॅटलंडचं तेच. वेल्सला त्यानं २००८, २०१२ आणि २०१९ अशी तीन ग्रँड स्लॅम दिली, म्हणजे सिक्स नेशन्स स्पर्धेतली प्रत्येक मॅच जिंकून दिली, मग दुसऱ्यांदा आला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ओळीनं चौदा टेस्ट हरून गेला. तो गेल्यावरही वेल्स हरतच राहिलं, अठरा हार झाल्यावर जुलैत जपानमध्ये एकदाची मॅच जिंकली. माणूस तोच, टीम वेगळी, वेळ वेगळी. म्हणून मला वाटतं नावापेक्षा आज तो माणूस त्याच्या टीमकडून काय करून घेतोय ते बघावं आणि ते बघायचं तर आमचं काम चोख पाहिजे. याच कारणानं मला हे काम फार मोलाचं वाटत होतं.

आता रक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॉलवाल्याला टॅकल केलं, तो पडला, पडल्यावर त्याला बॉल सोडावाच लागतो. मग त्याचे साथीदार धावत येऊन बॉलवर उभे राहतात, समोरचे त्यांना ढकलून बॉल काढायला बघतात, तो जो रेटारेटीचा ढीग तयार होतो तो रक. मग स्क्रम-हाफ, म्हणजे नऊ नंबरचा खेळाडू, मागून बॉल उचलतो आणि खेळ पुढे जातो. तीन सेकंदांच्या आत बॉल बाहेर आला तर समोरची डिफेन्सची लाइन अजून लागलेली नसते, म्हणजे तुमचं काम झालं. चार सेकंद लागले की सगळे जागेवर येऊन उभे. मी कळव्यात कबड्डी खेळलोय म्हणून मला हे पटकन कळलं. चेन लागायच्या आधी रेडरनं टच केला तर तो परत जातो, चेन लागली की गेला. म्हणून कोणत्याही कोचच्या रिपोर्टमध्ये रक स्पीड, म्हणजे रकमधून बॉल बाहेर यायला सरासरी किती सेकंद लागले, हा आकडा वरच्या तीनात असतोच.

पहिला रिपोर्ट सोमवारी गेला. लालचा आकडा २.९, निळ्याचा ३.१ आणि हिरव्याचा ३.७. बाकी हिरव्याचं बरंच चांगलं होतं, टॅकल, लाइनआउट, पेनल्टी कमी, पण ३.७ म्हणजे स्लो आणि आमच्या टेम्प्लेटमध्ये स्लो आकडा लाल रंगात येतो. पहिल्याच पानावर.

बुधवारी रात्री कन्सल्टन्सीचा मेल आला, हिरव्याचे सगळ्यात स्लो दहा रक क्लिप करून पाठवा. साधं काम, मी स्वतः घेतलं. पहिली क्लिप लावली, आकडा ५.१. बघितलं आणि मला काहीतरी खटकलं, डोळ्याला पाच सेकंद वाटतच नव्हते. परत लावली, मग अ‍ॅरोनं एकेक फ्रेम पुढे नेत गेलो. आमचा व्हिडिओ पंचवीस फ्रेमला एक सेकंद. टॅग जिथे सुरू होत होता तिथे बॉलवाल्याचा गुडघा नुकता टेकत होता, त्याच्या अंगावर त्याचा साथीदार पोचायलाच अजून अठरा फ्रेम होत्या. दुसरी क्लिप, तेच. तिसरी, तेच.

लाल आणि निळा आमच्या शिफ्टनं केले होते, हिरवा डे शिफ्टनं. आम्ही घड्याळ चालू करतो ते रक बनल्यावर, कायद्यातली व्याख्या अशी की बॉल जमिनीवर आणि दोन्ही टीमचा निदान एकेक माणूस उभ्यानं त्यावर भिडलेला. डे शिफ्टनं चालू केलं ते माणूस खाली पडल्यावर. अठरा फ्रेम म्हणजे जवळजवळ पाऊण सेकंद. हिरवा स्लो नव्हताच.

डे शिफ्टला त्या मॅच जिनं केल्या त्या मुलीला मी रात्री साडेबाराला फोन केला. डोंबिवलीची, कामाला लागून तीन महिने, पण आमच्यातल्या कितीतरी जुन्यांपेक्षा नीटस काम. तिनं झोपेतून उठून शांतपणे सांगितलं, "दादा, शीटवर लिहिलंय ना, टॅकल झाल्यापासून बॉल बाहेर येईपर्यंत. मी तसंच केलं." मी ती टॅगिंगच्या सूचनांची शीट उघडली. तसंच लिहिलेलं. ती शीट मीच लिहिली होती, चार वर्षांपूर्वी, घाईत. आमच्या शिफ्टला मी तोंडी शिकवलं होतं म्हणून आमचं बरोबर होतं, ती बिचारी शीट वाचून शिकली होती. एकच मॅच दोघांना टॅग करायला देऊन ताडून बघायची पद्धत आमच्याकडे पूर्वी होती, मॅचमागे पैसे कमी मिळतात म्हणून ती बंद केली. त्या निर्णयाला मी तेव्हा विरोध केला नाही हे मला आता फार लागतं.

मग चौघांनी बसून सगळे रक परत केले. मॅचमागे हिरव्याच्या टीमचे ऐंशी-नव्वद, आठ मॅचचे मिळून सातशेच्या आसपास. बाहेर पाऊस इतका की पत्र्यावर काही ऐकू येत नव्हतं. या सगळ्यात पहाटे तीनच्या सुमारास एका मॅचमध्ये मी टॅग पुढे न नेता थांबलो. हिरव्याच्या टीमवर नुकताच ट्राय झाला होता, म्हणजे समोरच्यांनी बॉल गोललाइनपलीकडे टेकवून पॉइंट घेतले होते, सगळे पोस्टच्या मागे गोल करून उभे, तिकडेही पाऊस. हा वेळ आम्ही कधी बघत नाही, बॉल मेलेला असतो, सरळ उडी मारून पुढे जातो. इतर टीममध्ये अशा वेळी सगळ्यांच्या माना पाणीवाल्याकडे वळतात कारण त्याच्या कानात कोचचा आवाज असतो. इथे पाणीवाला आला, बाटल्या दिल्या, गेला, एकानंही त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. बोलत होता नऊ नंबरचा पोरगा, वय असेल वीस-एकवीस. ओल्या गवतावर बोटानं जागा दाखवत होता, तू इथे, तू इथे, आणि त्याच्याहून दहा वर्षं मोठे, डोक्यानं उंच लोक खाली वाकून ऐकत होते, कॅप्टनसुद्धा. कळव्याला आमचे गुरुजी म्हणायचे, मैदानात पाय टाकल्यावर माझ्याकडे बघायचं नाही, मी तिथे खेळत नाही. ते तयार व्हायला वर्षं लागतात, आणि ते कोचनंच केलेलं असतं. हरणाऱ्या टीमला दुसरं काय हवं असतं. मी ती क्लिप कापून ठेवली, पण टेम्प्लेटमध्ये तिला कप्पाच नाही.

सहा वाजता नवीन आकडा आला, ३.०. निळ्याच्या पुढे. साडेसहाला मी मॅनेजरना फोन लावला. माणूस वाईट नाही, पगार वेळेवर व्हावेत म्हणून सतत क्लायंटच्या मागे असतो, पण अशा वेळी त्याला आधी काँट्रॅक्ट दिसतं. म्हणाले, "चूक झाली असं लिहू नको. व्याख्या एकसारखी केली, नवीन व्हर्जन जोडलंय, एवढंच लिही." मी म्हणलं, "सर, हिरव्याचा आकडा बदललाय ते तरी लिहू द्या, नाहीतर कोण उघडून बघणार?" ते म्हणाले, "फाइलमध्ये आहे ना, बघतील ते." आणि मी तेवढंच लिहिलं. गुरुवारी सकाळी सात वाजता मेल गेला. उत्तर आलं, आभारी आहोत, नोंद घेतली. व्हिडिओवाल्या फोल्डरमध्ये मी ती पोस्टमागची क्लिपही टाकली होती, तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या शुक्रवारी कन्सल्टन्सीनं पुढच्या टप्प्याचं काम पाठवलं, लाल आणि निळा. हिरवा नव्हता. पाच आठवड्यांनी लालची घोषणा झाली, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तोही चांगला कोच आहे.

घरी बायको म्हणते की कोच काय एका आकड्यावर निवडतात का, इंटरव्ह्यू असतो, पगार असतो, आधीच्या खेळाडूंना फोन करून विचारतात. बरोबर आहे तिचं. मी ऐरोलीहून ठाण्याच्या लोकलमध्ये बसलो की रोज हेच स्वतःला सांगतो आणि दिघा येईपर्यंत परत त्या लाल रंगातल्या ३.७ वर येतो, पहिल्या पानावर, तीन दिवस तो तसाच होता.

शीट मी परत लिहिली. आता तिच्यात वाक्य नाही, दोन फोटो आहेत, घड्याळ इथे सुरू, इथे नाही. मागच्या शनिवारी नवीन सीझनची हिरव्याच्या टीमची पहिली मॅच आली, ती मी डोंबिवलीच्या त्या मुलीलाच दिली. संध्याकाळी शिफ्ट बदलताना ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, "दादा, त्यांनी दोन नावं कधी ठरवली हो? आपला मेल जायच्या आधी की नंतर?"

मला माहीत नाही. तेवढीच तारीख विचारणारा मेल मी कन्सल्टन्सीला लिहिलाय, दोन ओळींचा. सर म्हणतात काम संपलंय, आता विचारून काय मिळणार. तो अजून ड्राफ्टमध्ये आहे.