तुम्ही विचारलंत म्हणून : वाचनालयाला व्हॉट्सअ‍ॅप कशाला?

मी तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गाचं वाचनालय, आणि हा प्रश्न मला सतत येतो, कधी दुसऱ्या गावच्या ग्रंथपालांचा फोन येतो, कधी आमचेच जुने सभासद काउंटरवर विचारतात, परवा तर एका लग्नात पंगतीला बसल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं. मॅडम, मोबाईलमुळे लोक वाचेनासे झाले असं तुम्हीच म्हणता ना, मग वाचनालयाचं व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुक कशाला? दर वेळी घाईत अर्धंमुर्धं उत्तर देते, म्हणून आज बसून नीट लिहिते.

सुरुवात झाली ती लॉकडाऊनमुळे. मार्च २०२० ला कुलूप लागलं आणि आपल्या राज्यात ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती थेट १५ ऑक्टोबरपासून, नेमका वाचन प्रेरणा दिन होता तो, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. मधले सात महिने सभासद माझ्या घरच्या नंबरवर मेसेज करत होते, पुस्तक कधी बदलून मिळेल, दंड लागणार का, आतलं अमुक पुस्तक तेवढं काढून द्याल का. एक आजी व्हॉइस मेसेज पाठवायच्या, अगं हेच पुस्तक चौथ्यांदा वाचतेय, आता पुढचं पान उलटायच्या आधीच मला पाठ असतं. लोकांना वाचनालयाशी बोलायचं होतं आणि वाचनालयाला स्वतःचा नंबरच नव्हता. उघडल्यावर पहिल्या महिन्यात वाचनालयाच्या नावावर सिम घेतलं. रिचार्ज कुठल्या खात्यात टाकायचा यावर कार्यकारिणीत बराच वेळ गेला, शेवटी टेलिफोन खर्चात बसवला.

पहिलं वर्ष सगळे करतात तेच केलं, एक मोठा ग्रुप आणि सगळे सभासद त्यात. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी राजकारण, रात्री कुठल्यातरी काढ्याचा फॉरवर्ड, आणि आम्ही टाकलेली नवीन पुस्तकं त्यात कुठे वाहून जायची कळायचंही नाही. पण ग्रुप बंद केला तो त्यामुळे नाही. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीचा नंबर एकाने तिथनं उचलला आणि तिला रात्री-अपरात्री मेसेज करायला लागला. तिने तो नंबर सभासद फॉर्मवर वाचनालयाला दिला होता, त्या माणसाला दिला नव्हता, आणि आमच्यामुळे तो त्याच्यापर्यंत पोचला. ती मला हे सांगत होती तेव्हा मला तिच्याकडे बघवत नव्हतं. त्याला सभासदत्वातून काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुप बंद केला.

त्याच ग्रुपवर आणखी एक चूक केली होती, तीही सांगते. पुस्तकं परत न आणलेल्यांची यादी नावांसकट टाकली. काय झालं, दोनच दिवसांत भराभर पुस्तकं परत आली, आम्हाला बरं वाटलं. पण एक निवृत्त गुरुजी पुस्तक टेबलावर ठेवून अनामत परत मागून गेले, ते परत आले नाहीत. त्यांच्या घरी आजारपण होतं हे नंतर कळलं. तेव्हापासून कोणाचं नाव कुठेही जात नाही, ना दंडासाठी ना कौतुकासाठी. कोण काय वाचतं हे देवघेवीच्या टेबलावर आम्हाला कळतं आणि ते तिथेच राहायला हवं, मग ते टेबल लाकडाचं असो की मोबाईलमधलं.

आता कसं चालतं ते. जाहिरातीपुरतं एक चॅनेल आहे (हे चॅनेल आपल्याकडे सप्टेंबर २०२३ ला आलं), त्यात सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा. बाकी सगळं एकेकट्याशी, वाचनालयाच्या नंबरवर. बिझनेसवालं व्हॉट्सअ‍ॅप घेतलंय, ते फुकट आहे, त्यात चॅटला लेबल लावता येतं, मी ‘मागणी’, ‘राखून ठेवलं’, ‘मुदतवाढ’ अशी लावते आणि संध्याकाळी ते सगळं मागणी वहीत उतरवते. ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा जातो ती सोय, वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, एका यादीत २५६च जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, आम्हाला हे कळायला तीन महिने गेले, लोक म्हणायचे मॅडम काहीच येत नाही. आता नवीन सभासद फॉर्म भरताना तिथेच त्याच्या मोबाईलमध्ये नंबर सेव्ह करून घेतो.

आणि एकेकट्याशी बोलण्याचं महत्त्व किती ते मला एका मेसेजनं कळलं. एक गृहस्थ, वीसेक वर्षांचे सभासद, काउंटरवर फक्त ऐतिहासिक कादंबरी मागायचे. एकदा रात्री अकराला त्यांचा मेसेज, दारूच्या व्यसनातून मुलाला कसं बाहेर काढायचं यावर काही आहे का आपल्याकडे. चार माणसांसमोर त्यांनी हे कधीच विचारलं नसतं. दोन पुस्तकं होती, वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवली, ते आले, घेतली, आम्ही दोघंही काही बोललो नाही. या एका मेसेजसाठीसुद्धा मी तो नंबर चालू ठेवेन.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. ग्रंथपालनाच्या कोर्सला आम्हाला रंगनाथनांची, म्हणजे भारतात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणाऱ्यांची, पाच सूत्रं शिकवतात, १९३१ची. त्यातलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हे सगळ्यांना पटतं. तिसरं आहे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, आणि ते आपल्याकडे फार मागे पडलंय. दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदवतो तिथे, हजारो पुस्तकं आहेत आणि देवघेवीत फिरतात ती तीच तीच चार-पाचशे. एकदा तपासणीच्या आधी कपाटं आवरत होते, शेवटच्या पानावरच्या तारीखपट्ट्या (पुस्तक घरी जाताना तारखेचा शिक्का मारतो ती पट्टी) बघत गेले, तर कितीतरी पुस्तकांवर एकही शिक्का नाही. विकत घेतलं, नोंदवलं, क्रमांक टाकला आणि कपाटात उभं राहिलं, कोणी हातच लावला नाही. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी.

मग दर गुरुवारी चॅनेलवर आणि फेसबुकवर ‘कोरी पट्टी’ सुरू केलं. एकच पुस्तक. मुखपृष्ठाचा फोटो, कोऱ्या तारीखपट्टीचा फोटो, आणि मी ते वाचून किंवा निदान चाळून चार-पाच ओळी लिहिते, हे कोणाच्या उपयोगाचं आहे ते. फार चांगलं पुस्तक आहे, अवश्य वाचा असं लिहून कोणी येत नाही, हे मी करून बघितलंय. ज्यांच्या घरी दहावीची मुलगी चित्रकलेला जायचं म्हणतेय त्यांनी बघा, असं लिहिलं की येतात. गेल्या पावसाळ्यापर्यंत चाळीस गुरुवार झाले तेव्हा मी नोंदवही काढून मोजलं, त्यातली एकतीस पुस्तकं निदान एकदा तरी घरी जाऊन आली होती. सभासद संख्या त्यामुळे फार वाढली असं मी म्हणणार नाही, थोडी वाढली, पण कपाटं हलली, आणि माझ्या लेखी ते मोठं आहे.

फेसबुकचा उपयोग वेगळा. गाव सोडून गेलेली माणसं तिथे भेटतात. आमच्याकडे १९५०च्या दशकातला वाचनकक्षाचा एक फोटो होता, सतरा-अठरा माणसं, मागे काही लिहिलेलं नाही. तो टाकला तर पुण्यातनं, ठाण्यातनं, दुबईतनं लोक सांगायला लागले, डावीकडून तिसरे माझे आजोबा, टोपीवाले ते पोस्टमास्तर. आठवडाभरात चौदा जणांची नावं लागली. ती सगळी मी हातानं वहीत लिहून घेतली आणि बरं झालं, कारण ते पेज ज्या हौशी मुलानं काढून दिलं होतं त्याच्या एकट्याच्याच अकाउंटवर होतं, पुढे त्याचं अकाउंट गेलं आणि पेजही आमच्या हातातून गेलं. तीन वर्षांच्या पोस्ट गेल्या. त्याचा दोष नाही, आम्ही विचार करायला हवा होता. नवीन पेजला तीन अ‍ॅडमिन आहेत, त्यातला एक कार्यवाह, आणि पासवर्ड पाकिटात घालून कपाटात.

पीडीएफचं पण विचारतात, की मॅडम सगळ्यांना पुस्तकं पाठवूनच टाका की. नाही पाठवत. बाजारात मिळणाऱ्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणं बेकायदेशीर तर आहेच, शिवाय लेखकाच्या आणि छोट्या प्रकाशकाच्या पोटावर पाय आहे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे, असं काही कोणी मागितलं तर मराठी विकिस्रोत या मोफत पुस्तकांच्या वेबसाइटचा पत्ता देते, लोक खूश होतात.

आणि ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांचं काय, हेही विचारता, बरोबरच आहे. दारातला फळा मी काढलेला नाही. जे चॅनेलवर जातं ते आधी फळ्यावर खडूनं लिहायचं, असा आमच्याकडे नियमच आहे. सकाळी पेपर वाचायला येणारे काका फळा वाचतात आणि सांगतात, ते गुरुवारचं मला ठेवा.

वेळ किती जातो? वाचनालय उघडायच्या आधी वीस मिनिटं आणि संध्याकाळी मागणी वहीची पंधरा. रात्रीचे मेसेज मी सकाळी बघते, तसा आपोआप मेसेज लावून ठेवलाय.

परवाच्या गुरुवारी विहीर आणि बोअर पुनर्भरणावरचं ऐंशी पानांचं पुस्तक टाकलं होतं, अकरा वर्षं पट्टी कोरी. सात किलोमीटरवरच्या वाडीतनं एक शेतकरी आले, सभासद झाले, घेऊन गेले. काल त्यांचा व्हॉइस मेसेज होता, मागे मोटारीचा आवाज, मॅडम आकृत्या अजून उतरवून घ्यायच्यात, आठ दिवस वाढवून द्या. वाढवून दिलेत. आता मागे दोघं जण त्याच पुस्तकासाठी थांबलेत.