टॅक्सीच्या स्प्रिंगांपासून ड्रॅगच्या गाड्यांपर्यंत : आमची वाटचाल

आमच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या शेडचं पोट आजही प्रेस टूलच्या आणि व्हॉल्वच्या स्प्रिंगांवर भरतं, हे आधी सांगून टाकतो. ड्रॅग रेसिंगच्या, म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पळायच्या शर्यतीच्या गाडीची ऑर्डर म्हणजे दोन स्प्रिंगा, फार तर चार. त्यात काय सुटणार? पण फोन सगळ्यात जास्त येतात ते याच कामासाठी, आणि प्रत्येकाला तेच समजावताना घसा बसतो. म्हणून एकदा लिहूनच ठेवतोय.

सुरुवात कुर्ल्याची. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूळचे टर्नर. सीएसटी रोडच्या सुट्या भागांच्या बाजाराजवळ त्यांनी एक जुना लेथ आणि कोळशाची भट्टी टाकली. गिऱ्हाईक म्हणजे टॅक्सीवाले. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्यातच बनायची. तिला मागे पाटे आणि पुढे विशबोनमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या वर-खाली हलणाऱ्या आर्ममध्ये, कॉइल स्प्रिंग. मुंबईचे खड्डे आणि कॅरियरवरचं सामान, दोन्ही मिळून त्या स्प्रिंगा हमखास बसायच्या. अण्णा स्प्रिंग स्टीलची कांब लालभडक तापवून मँड्रेलवर, म्हणजे गोल दांड्यावर, गुंडाळायचे, तेलात बुडवायचे आणि मग टेम्परिंग करायचे, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवायचे. टॅक्सीवाल्यांचं एकच मागणं असे, "अण्णा, जरा कडक करा." त्या धंद्यात कडक म्हणजे चांगली, एवढाच हिशेब होता आणि तो बरोबरही होता.

पुढे पद्मिनीचं उत्पादन थांबलं, टॅक्सी म्हणून ती 2023 पर्यंत टिकली. आम्ही मात्र त्याच्या बरंच आधी भोसरी एमआयडीसीत आलो होतो. इथे कारखान्यांची कामं मिळाली, ड्रॉइंग वाचायची शिस्त लागली. लोड टेस्टिंगचं मशीन घेतलं. ठरावीक उंचीपर्यंत दाबल्यावर स्प्रिंग किती किलो देते, हे कागदावर लिहून देता यायला लागलं. ड्रॅगच्या पोरांना आमचं दार सापडलं ते त्या कागदामुळे.

लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती व्हायला लागल्या, पाव मैलाच्या, म्हणजे 402 मीटरच्या. तिथे पळवायला एक तरुण काँटेसा, म्हणजे हिंदुस्तान मोटर्सची जुनी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी, तयार करत होता. आला तोच म्हणाला, "काका, तीनशे पाउंडाची स्प्रिंग पाहिजे." आकडा अमेरिकन कॅटलॉगमधला. तिकडे स्प्रिंगचा कडकपणा पाउंड प्रति इंचात मोजतात, आपल्याकडे किलो प्रति मिलिमीटरमध्ये. आपला 1 म्हणजे त्यांचे 56. पण खरी अडचण एककाची नव्हती. तो आकडा कॅमारोसारख्या मोठ्या व्ही-8 गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिलेला. त्यांचं पुढचं वजन वेगळं, आर्मची भूमिती वेगळी. आपल्या गाडीला तो का लागू पडावा?

आम्ही त्याला आधी वजनकाट्यावर पाठवलं. चारही चाकं वेगवेगळी तोलायची आणि तीही चालवणारा सीटवर बसलेला असताना. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, त्यामुळे डावं-उजवं कधीच सारखं भरत नाही. एकूण वजन 1200 किलोच्या आसपास आलं. पुढच्या एका चाकावर साधारण 320; त्यातलं चाक, हब, ब्रेक वगळलं तर स्प्रिंगच्या वाट्याला 285. पण विशबोनच्या गाडीत स्प्रिंग आर्मच्या मध्ये कुठेतरी बसते. चाक 10 मिलिमीटर हललं की त्याच्या गाडीत स्प्रिंग साडेपाच हलत होती. म्हणजे प्रत्यक्ष स्प्रिंगवर येणारा भार 285 भागिले 0.55, सुमारे 518 किलो. तिच्यातली जुनी स्प्रिंग 9 किलो प्रति मिलिमीटरची, ती या भाराखाली 58 मिलिमीटर दबते. आम्ही 6 ची काढली, ती 86 दबते. गाडीची उंची तीच ठेवायची तर नवीन स्प्रिंग मोकळी असताना जवळपास 29 मिलिमीटर लांब हवी. मऊ स्प्रिंग हवी असेल तर ती उंचही लागते, हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ जातो.

मऊ कशाला, तर गाडी सुटताना नाक उचललं जावं म्हणून. इथे एक गैरसमज पक्का बसलाय. स्प्रिंग बदलल्यामुळे मागे जास्त वजन जातं, असं पोरं धरून चालतात. किती वजन मागे जाणार हे प्रवेग, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवर ठरतं. या गाडीला सुटताना 0.6 जी, म्हणजे गुरुत्वाच्या 0.6 पट, प्रवेग धरला, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच आणि व्हीलबेस 2.67 मीटर, तर सुमारे 135 किलो मागे जातात. स्प्रिंग कुठलीही घाला, आकडा जवळपास तोच. फरक पडतो तो ते कसं जातं यात. पुढच्या प्रत्येक चाकावरचे 67 किलो हलके झाले की जुन्या स्प्रिंगवर नाक 25 मिलिमीटर उठतं, नव्या स्प्रिंगवर 37. दाबून ठेवलेली लांब स्प्रिंग नाकाला वर ढकलत राहते आणि मागच्या टायरला धक्का न बसता भार मिळतो. शॉक अ‍ॅब्झॉर्बर उघडताना आखडत असेल तर यातलं काहीच होत नाही. म्हणून आम्ही शॉक बघितल्याशिवाय स्प्रिंग देत नाही.

हे सगळं मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं. आपल्याकडे पळणाऱ्या स्विफ्ट, पोलो, होंडा सिटी या सगळ्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. यांना तोच मऊ स्प्रिंगचा सल्ला दिला तर पायावर धोंडाच. नाक उठलं की ओढणाऱ्या चाकांवरचंच वजन निघून जातं आणि टायर नुसते फिरत राहतात. तिथे मागच्या स्प्रिंगा कडक करायच्या, म्हणजे शेपूट बसत नाही. पुढचा शॉक उघडताना घट्ट ठेवायचा. असे ग्राहक पुढच्या स्प्रिंगा मागायला येतात आणि मागच्या घेऊन जातात. आमचं बिल तेवढंच होतं, पण त्यांची गाडी पळते.

आणखी एक त्रास म्हणजे कापलेल्या स्प्रिंगा. गॅस कटरने एक वेटोळं उडवलं की गाडी खाली बसते, दिसायला झकास. सात वेटोळी राहिली तर आठच्या मानाने स्प्रिंग चौदा टक्के कडक होते, म्हणजे ड्रॅगला नेमकं उलट. कापलेल्या टोकाजवळचं टेम्परिंग जातं आणि नाक उठल्यावर स्प्रिंग सीटमधून सुटू शकते. अशी स्प्रिंग आम्ही नमुना म्हणूनही घेत नाही.

वायरची जाडी हा तर फारच नाजूक मामला. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 12 ऐवजी साडेबाराची वायर घेतली की अठरा टक्के फरक. गुंडाळून, टेम्पर करून झाली की शॉट पीनिंग होतं. बारीक पोलादी छऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागावर दाब साठतो आणि तडा जायला जागा मिळत नाही. मग प्रीसेटिंग, म्हणजे वेटोळी एकमेकांना टेकेपर्यंत स्प्रिंग पुन्हा पुन्हा दाबायची. जी बसायची आहे ती आमच्याकडेच बसू दे, गाडीत नको. शेवटी जोडी जुळवायची. डाव्या-उजव्या स्प्रिंगेत दोन टक्क्यांहून जास्त फरक असेल तर ती जोडी बाहेर जात नाही. क्रोमची चकाकी मागणाऱ्यांना आम्ही नकार देतो. प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होऊन अचानक तुटतं. पावडर कोटिंग करून देतो, हव्या त्या रंगात.

आता मुलगी हिशेब आणि डिझाइन दोन्ही बघते. तिने वजनं भरायचा एक साधा फॉर्म केलाय. त्यात चारही चाकांची वजनं, कुठली चाकं ओढतात, चाक आणि स्प्रिंग यांच्या हालचालीचं प्रमाण, शॉकची पूर्ण उघडलेली आणि पूर्ण मिटलेली लांबी आणि टायरचं माप भरायचं. हे नसेल तर ती फोनवर भाव सांगत नाही. जुनी स्प्रिंग असेल तर तीच कुरियरने पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून वायरची जाडी मोजता येत नाही. वायर हाताशी असेल तर जोडी पंधरा दिवसांत मिळते, नसेल तर पुढचं बंडल येईपर्यंत थांबावं लागतं.