हुकूम खाली पोहोचतो, अडचण वर का येत नाही?

पुण्यात लष्कराच्या सदर्न कमांडचं मुख्यालय, खडकवासल्याला एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. हा विषय इथे घरचाच. तुकडीत हुकूम झरझर खाली उतरतो, अडचण मात्र हवालदार-सुभेदारापाशीच अडते. म्हणून आधी निनावी प्रश्नावली. प्रश्न दहाच, नाव, नंबर, ट्रेड (म्हणजे जवानाचं ठरलेलं काम) काही नको. ट्रेड विचारलात की तुकडीतला एकुलता एक स्वयंपाकी लगेच ओळखू येतो, आणि पुढच्या वेळी सगळे ‘ठीक आहे’वरच खूण करतात. निकाल आठवड्याच्या आत त्याच जवानांसमोर मांडा.

सरावानंतरच्या चर्चेत चार प्रश्न पुरतात: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढे काय बदलायचं? सर्वांत कनिष्ठ जवानाला आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीचे नुसतं ‘जी साहब’ म्हणतात. मला हेच सर्वांत घातक वाटतं. आणि पंधरा दिवसांत एक तरी अडचण सुटलेली दिसू द्या, लंगरच्या, म्हणजे जवानांच्या जेवणाच्या वेळेची का असेना.