मोडीतली रोजनिशी

पुढच्या दिवाळीपर्यंत घरातल्या ट्रंकेतला मोडी लिपीतला एक तरी कागद कुणाच्या मदतीशिवाय वाचायचा, असं मी वयाच्या ५४व्या वर्षी ठरवलं. २०२२ साल होतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली होती, सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. हातात वेळ भरपूर होता. भेटेल तो सल्ला द्यायचा: ध्यानाला बस, भजनी मंडळात ये, भिशी लाव. पण मला असं काहीतरी हवं होतं, की जमलं तर जमलं म्हणून सांगता येईल. कागद एक तर लागेल, म्हणजे वाचता येईल, नाही तर नाही लागणार.

ट्रंकेतले ते कागद लाल फडक्यात बांधलेले होते. सासूबाई दर दसऱ्याला ते पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायच्या आणि पुन्हा गाठ मारून ठेवून द्यायच्या. त्यात काय लिहिलंय हे त्यांना माहीत नव्हतं. मामंजींना लहानपणी शाळेत थोडी मोडी शिकवली होती, पण ते जाऊनही पंधरा-वीस वर्षं झाली. म्हणजे गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी घरोघर वापरात होती, ती दोन पिढ्यांत आमच्या घरातून पार पुसली गेली होती. दसऱ्याला त्या गाठोड्यापुढे हात जोडताना मला नेहमी वाटायचं, की आपण न वाचलेल्या पत्राची पूजा करतोय.

साताऱ्यातल्या एका ग्रंथालयात संध्याकाळी मोडीचा वर्ग भरायचा. शिकवणारे सर निवृत्त शिक्षक. वर्गात गडकिल्ल्यांचं वेड असलेला एक इंजिनिअर मुलगा, जमिनीचे दावे चालवणाऱ्या एक वकीलबाई, निवृत्त पोलीस हवालदार आणि मी. पहिल्या दिवशी सरांनी अक्षर दाखवलंच नाही. बोरू, म्हणजे काडीची लेखणी, कसा तासायचा, त्याला तिरका कट कसा द्यायचा, शाईत किती बुडवायचा, एवढंच दाखवलं. मग कोऱ्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्त रेघा ओढायला लावल्या.

बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, आपण आधी अक्षर काढतो आणि मग डोक्यावर रेघ देतो. मोडीत रेघ आधी. ती एका दमात पानभर ओढायची आणि मग अक्षरं तिच्याखाली लटकवत जायचं, शक्यतो हात न उचलता. आयुष्यभराची सवय मोडायला माझ्या मनगटाला बरेच आठवडे लागले. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘र’ तर शेजारी कोण आहे ते बघून रूप बदलतो. शिवाय मधेच संक्षेप: मुक्कामाचा नुसता ‘मु॥’, परगण्याचा ‘प॥’. मी कित्ता गिरवत बसायचे आणि वाटायचं, हे डोळ्यांना कधी सवयीचं होणार?

सर म्हणायचे, “काकू, अक्षराला चिकटून बसू नका. कुठला कागद आहे, कोण कुणाला लिहितंय, कशासाठी, हे आधी शोधा. मग अक्षरं आपोआप बोलायला लागतात.” वाचायला घेतलेल्या प्रत्येक कागदाला आम्ही हेच प्रश्न विचारायचो. मिती काय, ठिकाण कुठलं, लिहिणारा कोण, मागणं काय. इसवी सन काढायला शके दिले असतील तर ७८ मिळवायचे, शुहूर सन ही जुन्या कागदांतली दुसरी कालगणना असेल तर ५९९ किंवा ६००.

रोज स्वतःच्या मनाने पाच ओळी लिहून आणायच्या, हा गृहपाठ होता. सुरुवातीला मी मनाचे श्लोक लिहून न्यायचे, मग वाणसामानाची यादी, मग मुलीच्या लहानपणच्या गोष्टी. एका रात्री सुचेना, म्हणून त्या दिवशी काय झालं ते लिहिलं. लिहिता लिहिता लक्षात आलं, की वही टेबलावर उघडी राहिली तरी घरातल्या कुणालाही ती वाचता येणार नाही. त्या रात्री पाचाऐवजी दोन पानं झाली. सरांसाठी पाच ओळी वेगळ्या लिहिल्या.

नोकरीत असताना मला अधिकारीपदाची बढती मिळत होती. बदली कोल्हापूरला होती. सासूबाईंचं आजारपण, मुलीची दहावी, म्हणून मी नकार दिला. कुणी सक्ती केली नव्हती. पण ‘तुला काय हवंय’ असंही कुणी विचारलं नव्हतं, आणि ते मला इतकी वर्षं आत कुठेतरी डाचत होतं, हे मला त्या वहीत कळलं. बाळबोधीत मी हे वाक्य लिहूच शकले नसते. कुणीतरी वाचेल, म्हणून आधीच त्याला मुलामा दिला असता.

बोरूने मोडी भरभर येत नाही, निदान शिकाऊ माणसाला तरी नाही. एक ओळ पुरी होईपर्यंत तक्रारीतला अर्धा जोर निघून जायचा आणि खाली खरं काय आहे ते उरायचं. रागात काढलेली अक्षरं तर दुसऱ्या दिवशी मलाच लागायची नाहीत. तीन-चार महिन्यांनी मागची पानं उलटली, तेव्हा ती मला परक्याच्या दप्तरातल्यासारखी एकेक शब्द लावत वाचावी लागली. मग सरांचे प्रश्न मी त्या पानांनाही विचारले. कोण कुणाला लिहितंय? बहुतेक ठिकाणी मी सासूबाईंना उत्तर देत होते, जुन्या मॅनेजरला देत होते, ह्यांना देत होते. मागणं काय? ते जवळजवळ कुठल्याच पानावर नव्हतं. इतक्या पानांत मला काय हवंय ते मी एकदाही लिहिलेलं नव्हतं!

तेव्हापासून रोजच्या लिखाणाच्या शेवटी एक ओळ मागण्याची ठेवली. पहिले काही दिवस ती रिकामी राहिली. मग एकदा लिहिलं, ‘एकटीने लांबचा प्रवास करायचा आहे.’

कुठे जायचं ते वर्गानेच सुचवलं. तंजावर. तिथल्या भोसल्यांच्या राज्याचा कारभार मोडीत चालायचा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात मोडी कागद आहेत, हे सर नेहमी सांगायचे. बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातला, १८०३ सालचा. तो देवनागरीत आहे, त्यामुळे वाचायला अडत नाही. ह्यांनी तिकीट काढून दिलं आणि दोनदा विचारलं, “नक्की एकटी जाणार?” गेले. चोहोबाजूंनी तमिळ, आणि मधे त्या दगडावर आपली भाषा ओळीमागून ओळ. मी पायातल्या चपला बाहेर काढून, तापलेल्या फरशीवर उभी राहून, जमेल तेवढं मोठ्याने वाचलं. एक वृद्ध गृहस्थ थांबले आणि तिथल्या मराठीत बोलायला लागले. त्यांचे हेल वेगळे, काही शब्द जुने, काही अनोळखी, पण घरी आईकडून आलेली मराठी ती. माझ्या मराठीला त्यांनी ‘तिकडची’ म्हटलं. इतकी वर्षं मी जे केंद्र समजत होते, ते कुणासाठी तरी ‘तिकडे’ आहे, हे समजायला तिथवर जावं लागलं.

परत आल्यावर ट्रंकेला हात घातला. इंग्रजी अमदानीतली मोडी पेशवाईतल्यापेक्षा वाचायला अवघड जाते. बोरू जाऊन धातूच्या निबचा टाक आला, अक्षर बारीक झालं, घाई आली. मी निवडला तो कागद स्टँपवरचा होता, घडीवर चिरलेला, एका कोपऱ्याला कसर लागलेली. पहिल्या ओळीतलं ‘शके १७९८ धातानाम संवत्सरे’ लागलं तेव्हा मी स्वयंपाकघरातला गॅस बंद करून आले. १७९८ अधिक ७८, म्हणजे १८७६. पुढे मार्गशीर्ष. दख्खनच्या मोठ्या दुष्काळाचा तो पहिला हिवाळा. पाऊस गेलेला, आणि पुढचं वर्षही काही सुखाचं नव्हतं.

तो कर्जरोखा होता. ‘रुपये ४० अक्षरी चाळीस याचे निमे वीस.’ आकड्यात कुणी फेरफार करू नये म्हणून रकमेचा निम्मा भागही अक्षरात लिहायची पद्धत होती. बँकेत वर्षानुवर्षं चेकवरची अक्षरी रक्कम तपासलेल्या मला ते वाक्य फार जवळचं वाटलं. त्यापुढे गहाण काय ठेवलं त्याची यादी. एक दोन अक्षरी शब्द मला काही केल्या लागेना. मी तो ट्रेसिंग कागदावर काढून घेतला, भिंगाखाली धरला, त्यातलं दुसरं अक्षर ‘य’ समजून चालले, मग ‘प’. यादीतला पुढचा शब्द ‘पाटल्या’ आहे हे एका दुपारी लख्ख दिसलं, आणि त्यासरशी आधीचाही कळला. नथ. ‘नथ मोत्यांची १, पाटल्या जोड १.’

दिवाळीला अजून बरेच दिवस होते. कागद पुरता लागला होता, फक्त खालच्या बाजूला साक्षीदारांच्या आधी एक छोटं वर्तुळ होतं, ते शाईचा डाग असावा असं मला वाटलं. वर्गात दाखवलं तर सर म्हणाले, “डाग नाही. ती बांगडीची निशाणी. लिहिता न येणारा शेतकरी नांगराची निशाणी करायचा, बाईमाणूस बांगडीची.” म्हणजे जिची ती नथ होती, तिचा दागिना तिच्या पाठीमागे गेला नव्हता. तिला बोलावलं होतं, किंवा ती स्वतः गेली होती, आणि तिने त्या कागदावर आपली खूण केली होती. रोख्यात तिचं नाव आहे. ते मी इथे लिहीत नाही, पण आता दसऱ्याला ते घेते.

ह्यांचं दुकान सुरू करताना माझ्याही पाटल्या तारण ठेवल्या होत्या, माझ्याच बँकेत. तिचे दागिने सुटून परत आले का, हे ट्रंकेतल्या बाकीच्या कागदांत शोधतेय. माझे सुटले होते. त्या रात्री मी वहीत हे सगळं लिहिलं आणि मग पहिल्यांदाच ह्यांना म्हटलं, “अहो, बसा, वाचून दाखवते.” आधी रोखा वाचला. मग वहीतलं कोल्हापूरच्या बदलीचं पान. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “तू कधी म्हणाली नाहीस.” मी म्हटलं, “आता म्हणतेय.” तेव्हापासून आमच्याकडे काही ठरवायचं असलं की ते आधी मला विचारतात आणि गप्प बसून उत्तराची वाट बघतात. सत्तावीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट नवी आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

२०२३च्या अखेरीस कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. गल्लीतली, नात्यातली माणसं मोबाइलवर फोटो घेऊन यायची. बहुतेक गाव नमुना नंबर १४चे, म्हणजे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्यांचे. सरकारी कामाला लागणारं लिप्यंतर अधिकृत माणसाकडूनच करून घ्या, हे मी प्रत्येकाला आधीच सांगायचे, पण काय लिहिलंय ते वाचून द्यायचे. लोक जातीचा रकाना बघायला यायचे. त्याच्या बाजूला मृत्यूचं कारण असायचं. पटकी. देवी. ताप. एका घरात एकाच आठवड्यात तीन नोंदी. एक आजोबा आपल्या आजोबांच्या भावंडांची नावं ऐकून रडले, ती भावंडं होती हेच त्यांना माहीत नव्हतं. अशा वेळी मी सावकाश वाचायची. घाई करण्यासारखं ते वाचन नव्हे.

सध्या शिवकालीन पत्रांचे नमुने समोर घेतले आहेत. ते वळण पुन्हा निराळं आहे आणि पहिल्या वर्षासारखीच अडखळत चालले आहे. यंदाचं ठरवलेलं काम असं: वर्षभरात त्यातलं एक पत्र तरी आपलं आपण लावायचं. शनिवारी ग्रंथालयात नवशिक्यांना रेघा ओढायला मी बसवते. सुरुवात करणाऱ्यांना सांगते, बोरू मिळाला नाही तर कट निबचं पेन घ्या, वही बिनरेघी घ्या, आणि कित्त्याबरोबरच पहिल्या आठवड्यापासून स्वतःचं काहीतरी लिहायला लागा, कुणाला न दाखवण्यासारखं.

मुलगीही शिकतेय. मोडी २०१४पासून युनिकोडमध्ये आहे, फाँट मिळतो, पण मी तिला हातानेच लिहायला लावते. गेल्या महिन्यात तिचं पहिलं पत्र पोस्टाने आलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्यातले दोन शब्द मला अजून लागले नाहीत. फोनवर विचारलं तर म्हणते, “आई, तूच लाव.”